तुमच्या फीडचा पत्ता द्या

मराठीत पॉडकास्ट करणाऱ्या आणि करायच्या तयारीत असलेल्या सर्वांस,



पत्रास कारण की, गेल्या काही वर्षांत मराठीत पॉडकास्टचं पीक जोरात आलं आहे. नट, डॉक्टर, निवृत्त पोलीस अधिकारी, शेअर बाजारवाले, गड-किल्ले फिरणारे, कीर्तनकार असे सगळे माइकसमोर बसून बोलताहेत आणि त्यातलं बरंचसं खरोखर ऐकण्यासारखं आहे. पण त्यातलं पुष्कळ ऐकायची सोयच नाही. बघायची आहे. यूट्यूबवर जा, व्हिडिओ लावा, स्क्रीन चालू ठेवा आणि दोन माणसं दोन खुर्च्यांवर बसून बोलताना दीड तास बघत बसा. फीड कुठे आहे असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘चॅनेल सबस्क्राइब करा ना, बेल दाबा.’

मी हाडाचा खटपट्या माणूस. नवा रेकॉर्डर, नवे इअरबड, तळहातावर मावणारा नवा संगणक बाजारात आला की त्याचं माहितीपत्रक मी दिवाळी अंकासारखं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. तेव्हा हे पत्र नव्या यंत्रांना नाक मुरडणाऱ्याचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

फीड म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या कार्यक्रमाला ती आहे की नाही हेच पुष्कळ नव्या मंडळींना ठाऊक नसतं. फीड म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. वर कार्यक्रमाचं नाव, वर्णन, मुखचित्राचा पत्ता. खाली प्रत्येक भागाची एकेक नोंद. त्या नोंदीत शीर्षक, तारीख आणि ‘एन्क्लोजर’ नावाची एक ओळ. या ओळीत तीनच गोष्टी असतात: ध्वनिफाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता, ती किती बाइटची आहे तो आकडा आणि ती कोणत्या प्रकारची आहे ते. श्रोत्याच्या मोबाइलमधलं ॲप अधूनमधून ही फाइल वाचतं, नवी नोंद दिसली की त्या पत्त्यावरून भाग उतरवून घेतं. संपलं. मध्ये दलाल नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून तिसरंच काही गळ्यात मारणारं कोणी नाही. ॲप कोणतं वापरायचं ते श्रोता ठरवतो, फाइल कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवता.

फीड ज्या पद्धतीने लिहिली जाते तिचं नाव आरएसएस. एन्क्लोजरची ही ओळ डेव्ह वायनर यांनी तिच्या 0.92 या आवृत्तीत घातली, डिसेंबर 2000 मध्ये. या ओळीमागे आग्रह होता ॲडम करी यांचा. हे एकेकाळचे एमटीव्हीचे निवेदक. तेव्हा आयपॉड जन्मालाही आला नव्हता, तो आला ऑक्टोबर 2001 मध्ये. ‘पॉडकास्टिंग’ हे नाव फेब्रुवारी 2004 मध्ये ‘द गार्डियन’मधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आलं. जून 2005 मध्ये ॲपलने आयट्यून्सच्या 4.9 आवृत्तीत पॉडकास्टला जागा दिली आणि हे प्रकरण हौशी लोकांच्या हातून सर्वसामान्यांच्या खिशात गेलं. पुढे 2022 मध्ये ॲपलने आयपॉडच बंद करून टाकला. वायनर यांची ती ओळ मात्र आजही जशीच्या तशी काम करते आहे. संगणकाच्या जगात इतकी वर्षं न बदलता टिकलेल्या गोष्टी फार नाहीत.

ती का टिकली याचं उत्तर 2024 मध्ये पुन्हा दिसलं. गूगलने 2018 मध्ये काढलेलं गूगल पॉडकास्ट हे ॲप त्या वर्षी बंद केलं. ते वापरणारे लोक जगभर होते, आपल्याकडेही होते. पण ॲप गेलं म्हणून एकही पॉडकास्ट गेला नाही. लोकांनी आपल्या यादीची ओपीएमएल फाइल बाहेर काढली, दुसऱ्या ॲपमध्ये घातली आणि ऐकणं पुढे चालू ठेवलं. आता यूट्यूबवरच असलेल्या कार्यक्रमाचा विचार करा. तिथला नियम असा की नव्वद दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक आले की चॅनेल जाऊ शकतं. पार्श्वसंगीताच्या एका तुकड्यावरून कोण कधी तक्रार करील याचा नेम नाही. चॅनेल गेलं की भाग गेले, श्रोते गेले, आणि ते श्रोते कोण होते हेही तुम्हाला कळायला मार्ग उरत नाही.

यूट्यूबवर टाकू नका, असं मी म्हणत नाही. दरमहा शंभर कोटींहून अधिक लोक आमच्याकडे पॉडकास्ट बघतात, असं यूट्यूबने 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. तिथे न जाणं म्हणजे बाजार भरलेला असताना दुकान बंद ठेवणं. तिथे जाच. पण यूट्यूबची व्यवस्था एकाच दिशेने उघडते. तुमची आरएसएस फीड ते आत घेतं. तुमच्या भागांची ध्वनिफीड बाहेर देत नाही. म्हणून मूळ प्रत बाहेर, तुमच्या ताब्यात असावी आणि यूट्यूबवर तिची दुसरी प्रत जावी. मराठीत हल्ली हे उलटं चाललं आहे, किंबहुना मूळ प्रतच नाही.

श्रोत्याच्या बाजूनेही बघा. पॉडकास्ट कधी ऐकला जातो? पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, बसमध्ये खिडकीशी, सकाळी टेकडीवर, रात्री झोप येत नाही तेव्हा डोळे मिटून. पैसे न भरता यूट्यूब वापरणाऱ्याने स्क्रीन बंद केली की आवाजही बंद. म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाईंनी पिठाच्या हातानं मोबाइल जागा ठेवायचा. कोकण रेल्वेने जाऊन पाहा. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि त्याच्या आगेमागे लहानमोठे बोगदे रांगेने येत राहतात. पाहुणा ऐन रंगात आलेला असताना चक्र फिरायला लागतं. फीडमधून आधीच उतरवलेला भाग बोगद्यात काय नि बाहेर काय, सारखाच वाजतो. आणि डेटाचा हिशोब सरळ आहे. माणसांच्या गप्पांना 64 केबीपीएस मोनो भरपूर झाला. त्या हिशोबाने तासाभराचा भाग 29 एमबीच्या आत बसतो. त्याच गप्पा चांगल्या चित्रासकट बघायच्या तर काहीशे एमबी जातात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर चित्राचा तो सगळा डेटा फुकटच जातो. खरं तर पॉडकास्टचे सगळ्यात निष्ठावान श्रोते तेच होऊ शकतात.

कॅमेऱ्याने बोलण्यावर काय परिणाम केला आहे तेही एकदा डोळे मिटून तपासा. ‘हे बघा ना’, ‘आता स्क्रीनवर दिसतंय तसं’, ‘हा फोटो किती बोलका आहे!’ कानाने ऐकणाऱ्यानं काय करायचं? सुरुवातीला त्याच भागात पुढे येणारी चार सनसनाटी वाक्यं कापून लावायची, मग धडधडतं संगीत, मग लाइक-शेअर, मग पाहुण्यांची ओळख, मग तो अजरामर प्रश्न: ‘सर, तुमचा प्रवास कसा होता?’ मराठी मुलाखतीतून हा ‘प्रवास’ वर्षभरासाठी बंद ठेवावा अशी माझी नम्र सूचना आहे. कीटकशास्त्राची प्राध्यापिका समोर बसली असेल तर तिला बोंडअळीबद्दल विचारा. ती शाळेत कितवी आली होती हे कळून आम्ही काय करू?

कापणं हाही कॅमेऱ्यामुळे अवघड झालेला प्रकार आहे. नुसत्या ध्वनीत पाहुण्यांचं अडखळणं, पाल्हाळ, तुमचा लांबलेला प्रश्न अलगद काढता येतो, जोड कुठे आहे ते कळतही नाही. चित्रात प्रत्येक काप दिसतो, मान एकदम डावीकडून उजवीकडे उडी मारते. मग कापायचंच नाही असं ठरतं आणि पन्नास मिनिटांचा ऐवज सव्वादोन तास चालतो. आपल्याकडे आकाशवाणीने नभोनाट्य, श्रुतिका, भाषणं ठरलेल्या मिनिटांत बसवून दाखवली. ‘गीतरामायण’ 1 एप्रिल 1955 पासून पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत या हिशोबाने वर्षभर चाललं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, वेळेवर ध्वनिक्षेपण. छप्पन्न गीतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि लोक रेडिओभोवती जमलेले. मुदत आणि मर्यादा असली की माणूस नेमकं काम करतो, हे या केंद्राच्या भिंतींनी पाहिलेलं आहे.

आता माइककडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त पत्रं लिहावीशी वाटतात ती यावरच.

तुमच्या व्हिडिओत तोंडापुढे जो जाडजूड काळा माइक दिसतो तो बहुतेक वेळा शुअर कंपनीचा एसएम7बी असतो, नाहीतर त्याची नक्कल. यंत्र उत्तम आहे. एसएम7 आला 1973 मध्ये, त्याचा एसएम7बी हा अवतार 2001 चा; मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधलं गाणं एसएम7वर ध्वनिमुद्रित झालं होतं. पण हा माइक फार मंद ऐकतो. त्याला साठेक डेसिबलची वाढ द्यावी लागते, आणि साध्या इंटरफेसवर तेवढं बटण फिरवलं की मागून ‘हिस्स’ असा आवाज यायला लागतो. मग तो घालवायला आणखी एक डबी विकत घ्यायची. हजारो रुपये गेले आणि आवाज मात्र हजार रुपयांच्या कॉलर माइकसारखाच आला, कारण बसलात कुठे, तर काचेच्या टेबलापाशी, उघड्या भिंतींच्या खोलीत, डोक्यावर पंखा गरगरतोय.

आवाज माइकने जेवढा सुधारतो त्यापेक्षा अंतराने आणि खोलीने जास्त सुधारतो. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे फुकटात स्वच्छ आवाज. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी, समोर दोरीवर टाकलेली गोधडी, फ्रिजचं बटण बंद, शेजारी कुकर कधी लागतो याची चौकशी, एवढ्यावर निम्मं काम होतं. (फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून मोटरसायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. घराबाहेर पडताना आठवतंच.)

आणि मराठीची एक खास गोष्ट. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजनं भरपूर. ‘फोडणी’, ‘भाऊ’, ‘खरं’, ‘ठरलं’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. ओठांवरून सुटणारे ‘फ’ आणि ‘भ’ तर सरळ माइकच्या पडद्यावर आदळतात आणि हेडफोनमध्ये ‘भप्’ असा दणका बसतो. इंग्रजी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे माइक नाकासमोर धरलात तर मराठीत त्रास अधिक. माइक ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, तिरका ठेवा. हवा पुढे निघून जाते, आवाज माइकपर्यंत पोहोचतो. हेडफोन लावून ‘भरभरून फुललेलं’ एवढं एक वाक्य सरळ आणि तिरकं असं दोनदा बोलून पाहा, मग माइकचा दांडा कुठे फिरवायचा ते कोणाला विचारावं लागणार नाही.

शेवटी सगळ्या भागाची पातळी एकसारखी करा. ॲपलची शिफारस उणे 16 एलयूएफएसची (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आहे, ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ म्हणून इफेक्ट आहे, दोन क्लिकचं काम. पाहुणा आणि यजमान वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील तर दोघांना आधी वेगवेगळं सारखं करून घ्या. यजमान कानठळ्या बसवतो आणि पाहुणा विहिरीतून बोलतो असे भाग रिक्षात ऐकून पाहा म्हणजे मी का कळवळून लिहितो आहे ते समजेल.

पैसे खर्च करायचेच असतील तर मी खिशातल्या रेकॉर्डरवर करीन. हल्लीच्या लहान रेकॉर्डरमध्ये 32-बिट फ्लोट पद्धतीने ध्वनिमुद्रण होतं. झूम कंपनीचा 2024 मध्ये आलेला एच1 इसेन्शियल हा त्यातला लहानसा नमुना. या पद्धतीत आवाजाची पातळी आधी लावावीच लागत नाही. कीर्तन घ्या. बुवा निरूपणात अगदी हळू, जवळजवळ पुटपुटत एखादी गोष्ट सांगतात, आणि पुढच्याच क्षणी टाळ-मृदंगासह अख्खा मंडप गजर करतो. जुन्या रेकॉर्डरवर पुटपुटणं नीट घ्यायला जावं तर गजर फाटतो, गजर सांभाळावा तर निरूपण गडप होतं. 32-बिट फ्लोटमध्ये दोन्ही शाबूत राहतात, घरी येऊन हवी तशी पातळी लावता येते. जागरण-गोंधळ, भारूड, तमाशाची बतावणी, आठवडी बाजारातली हाळी ही सगळी ध्वनिमुद्रणं या यंत्राने सोपी केली आहेत. स्टुडिओत बसून तीच तीच पाहुणेमंडळी फिरवण्यापेक्षा ही डबी घेऊन बाहेर पडलात तर आम्हाला जास्त ऐकायला मिळेल.

असं बाहेर पडून काय होतं याचा दाखला आपल्याकडेच आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञांनी त्यांचं तांत्रिक काम सांभाळलं. 2017 पासून ‘पारी’ने (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाने) हा ठेवा लोकांपुढे खुला ठेवला आहे. त्यातली ध्वनिमुद्रणं आज कोणीही ऐकू शकतं. जातं घराघरातून गेलं, त्या बायकांपैकी कित्येकजणी गेल्या. हे काम एखाद्या ॲपच्या कुलपात असतं तर आज त्यातलं आपल्या हाती किती असतं?

उघड्यावर ठेवलेल्या आवाजाचा उपयोग कोण कसा करील हे आधी सांगता येत नाही. मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत या गटाने ‘श्रुतिलिपी’ नावाचा संच केला. आकाशवाणीच्या बातमीपत्रांचा आवाज आणि त्यांच्या छापील संहिता दोन्ही सर्वांसाठी उपलब्ध होत्या. गटाने यंत्राकडून त्या वाक्यावाक्याने जुळवून घेतल्या. बारा भारतीय भाषांत मिळून 6,400 हून अधिक तासांचं बोलणं लेखनासह तयार झालं, आणि त्यात मराठीही आहे. मराठी बोललेलं ओळखून लिहिणारी यंत्रं सुधारली ती अशा साठ्यांमुळे. ओपनएआयने 2022 मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे मॉडेल 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकलेलं, त्यात मराठीचा वाटा नावापुरता. म्हणून ते आपलं बोलणं ऐकून कधी हिंदी लिहितं, कधी मनचंच काही. रात्रपाळीला बसलेल्या बातमीदारांना आणि वृत्तनिवेदकांना आपण एक दिवस संगणकाला मराठी शिकवणार आहोत याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. बातमीपत्राची मराठी मात्र प्रमाण मराठी. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, झाडीबोली बोलणाऱ्यांचा तासन्‌तास चाललेला निवांत आवाज आज कोणाकडे साठतो आहे? तुमच्याकडे. तो फीडमध्ये असेल तर उद्या कामाला येईल. (त्यावर कोणी काय करावं याच्या अटी तुम्ही जरूर घाला, परवाना लिहून ठेवला म्हणजे फुकट्या कंपन्यांशी भांडायला तरी कागद असतो.)

तर नेमकी विनंती अशी. तुमचे भाग यूट्यूबवर असतील तर त्यांचा नुसता आवाज काढून घ्या, एमपी3 करा आणि एखाद्या पॉडकास्ट होस्टिंगवर चढवा. एमपी3वर आता पेटंटचा प्रश्नही उरलेला नाही; मूळ परवानापद्धत 2017 मध्येच संपली. होस्टिंग फुकटही मिळतं, पण फुकट ठिकाणी फीडचं बटण बंद असू शकतं, सेटिंगमध्ये जाऊन ते चालू आहे ना ते पाहा. जमलं तर स्वतःचं डोमेन घ्या आणि फीड त्या पत्त्यावर ठेवा. उद्या होस्ट बदललात तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावता येतो, श्रोत्याला पत्ता लागत नाही. ध्वनीच्या मूळ वेव्ह फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. भागाच्या वर्णनात पाहुण्यांचं पूर्ण नाव, गाव, विषय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख देवनागरीत लिहा, ‘जबरदस्त गप्पा!!!’ या नावाने दहा वर्षांनी कोणाला काही सापडणार नाही.

आणि यूट्यूबवरच्या प्रत्येक व्हिडिओखाली, लाइक आणि शेअरच्या आधी, एक ओळ वाढवा: ‘नुसतं ऐकण्यासाठी फीड इथे आहे.’ ती ओळ ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी तुमचा कार्यक्रम माझ्या यादीत जाईल, आणि सुरुवातीपासूनचे सगळे भाग मी ऐकीन. ‘प्रवास’ विचारला असलात तरी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कानसेन